हाताचा वाटा

"फी भरून रांगोळी काढतोय लेका आपण. आमची आज्जी हेच फुकटात शिकवायची, वर लाडू द्यायची."

खांबापलीकडून कुजबुज आली आणि पाठोपाठ दबलेलं हसू. खांबाच्या अलीकडे उज्ज्वला मगदूम चपला काढत उभी होती. मिरजेच्या या कॉलेजात ती गेली नऊ वर्षं मुलांना ड्रोनने चित्रीकरण शिकवत होती, आणि ही तक्रारही तिने नऊ वर्षं ऐकली होती. दर वर्षी आज्जी वेगळी आणि लाडू वेगळे, एवढाच फरक.

"श्रेणिक," ती खांबाआडूनच म्हणाली, "आज्जी लाडू द्यायची ते रेघ सरळ आल्यावर, का आधीच?"

मग श्रेणिक चौगुलेचा पडलेला आवाज, "आल्यावर, मॅडम."

"मग काढ की. मी कुठं नाही म्हणतेय."

व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर सोळा मुलंमुली उकिडवी बसली होती. प्रत्येकापुढे रांगोळीची एक वाटी. हातभर लांबीची रेघ, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकाच जाडीची, मध्ये कुठे थांबायचं नाही, दाबायचं नाही. ड्रोन चालवायच्या पेटीवर दोन छोट्या कांड्या असतात, एकेका अंगठ्याखाली एकेक. नवशिका माणूस कांडी ढकलतो आणि आकाशातलं चित्र उचकी लागल्यासारखं हलतं. कांडी ढकलायची नसते, सोडायची असते, चिमटीतून रांगोळी सुटते तशी. हे उज्ज्वलाला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं. तिचं शिक्षण बारावीपर्यंतचं. नवऱ्याच्या फोटो स्टुडिओतला ड्रोनवाला ऐन लग्नसराईत पुण्याला पळून गेला, तेव्हा चाळिशीतल्या या बाईने घराच्या गच्चीवर पेटी हातात घेतली होती आणि पहिले दोन महिने ड्रोनपेक्षा स्वतःच जास्त आपटली होती.

पूर्वी वर्गाची पहिली रेघ ती स्वतः काढायची. मुलं तिचे फोटो काढायची, उगीच जवळ फूटपट्टी ठेवून बघायची. दिवाळीनंतर मात्र ती म्हणू लागली, "निदा, तू काढ." डावा हात वाटीवर, उजवा हात जॅकेटच्या खिशात. थंडीत ते चालून गेलं. आता मार्च लागला होता आणि फरशी सकाळी नऊलाच तापत होती. मिरजेच्या उन्हाळ्यात जॅकेट घालणारी बाई ही विचारण्यासारखी गोष्ट होती. सोळा जणांपैकी एकानेही विचारलं नाही.

*

आता 'सावली'बद्दल सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या पेटीत ती आली. कल्पना साधी होती. अंगठ्याकडून यंत्राला जे पोचतं त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: माणसाला काय करायचं आहे ते, आणि त्याच्या स्नायूंना काय होतंय ते. इच्छा सावकाश असते, थरथर जलद. जुनी यंत्रं जलद ते गाळून टाकत. पण गाळायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्या क्षणात ड्रोन भिंतीत. सावली गाळत बसत नाही, ती अंदाज बांधते. तुमची आधीची शेकडो उड्डाणं तिच्यापाशी साठवलेली असतात. कांडीभोवतीच्या कड्यातून ती तुमच्या अंगठ्यात उठणारी बारीकशी वीज वाचते. आणि अंगठा हलायच्या आत, पुढच्या अर्ध्या सेकंदात तुम्ही काय करणार हे ठरवून ड्रोनला सांगून मोकळी होते. अंगठा मागाहून येतो. कचेरीत उशिरा पोचलेल्या माणसासारखा, ज्याची सही आधीच कोणीतरी मारून ठेवली आहे.

नवख्या माणसाची तर उड्डाणंच नसतात. मग सावली त्याला हजारो चांगल्या हातांचा मिळून झालेला एक हात उसना देते. पहिल्याच दिवशी पोरगं कसलेल्या माणसासारखं चित्रण करतं, घरी पाठवतं, आई शेजारणीला दाखवते. आणि त्याच दिवशी त्याचा हात शिकायचा थांबतो. हात चुकीतून शिकतो, आणि सावली चूक ड्रोनपर्यंत पोचूच देत नाही.

उड्डाण संपलं की पेटीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा यायचा. हातवाटा. या उड्डाणात तुमच्या हाताचा वाटा शंभरात किती, तो. बनवणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणा म्हणून ठेवला असावा, कारण विकायला त्याचा काही उपयोग नव्हता. उज्ज्वलाने त्याचा फळा केला. दर शनिवारी श्रेणिक सगळ्यांचे आकडे लिहायचा. बारा, चौदा, नऊ. निदा मुजावर बावीस. आणि फळ्याच्या वरच्या ओळीत मॅडम: एक्क्याण्णव.

दिवाळीनंतर वरची ओळ कोरी राहू लागली.

"खडू कमी पडला, मॅडम," श्रेणिक पहिल्या शनिवारी म्हणाला होता. सोळा नावांना पुरलेला खडू सतराव्यालाच कसा संपतो हे तिने विचारलं नाही. त्यालाही ती विचारणार नाही हे माहीत असावं.

सावली बंद करता येत असे. बटण दाबलं की पेटीवर नारिंगी दिवा लागायचा: 'निखळ'. मग अंगठा आणि ड्रोन यांच्यामध्ये फक्त हवा. ज्याला गर्दीवरून ड्रोन न्यायचा आहे त्याला निखळ उडवता आलंच पाहिजे असा नियम होता, कारण सूर्यावर वादळं झाली, किंवा मिरवणुकीत कोणी लहरी अडवणारं यंत्र लावलं, की उपग्रहाकडून ठावठिकाणा मिळेनासा होऊन सावली मुकी होते आणि खाली माणसं असतात. मुलांना तसा दाखला शिक्षकाच्या सहीने मिळायचा, आणि शिक्षकाने दर तीन वर्षांनी स्वतः निखळ चाचणी द्यायची. पीएच.डी. झालेल्यांच्या स्टाफरूममध्ये बारावी पास बाईची खुर्ची त्या एका कागदावर उभी होती. उज्ज्वलाची चाचणी या महिन्याच्या वीस तारखेला होती.

पण खुर्चीची काळजी ही वरवरची. तिच्या पोटात दुसरीच गोष्ट होती. आपला हात जायच्या आत तो कोणाकडे तरी जायला हवा. सोळापैकी एक पुरे. एक अंगठा असा, जो सावली मुकी झाल्यावरही बोलेल.

*

घरी अजित चहा करायचा. स्टुडिओ बंद झाल्यापासून सकाळचा चहा त्याच्याकडे होता.

"आज पण अर्धाच?" तिने विचारलं.

"दूध संपत आलंय."

ती फ्रिज उघडून बघून आली होती. आत दोन पिशव्या होत्या. तिने अर्धा कप डाव्या हाताने उचलला. भरलेला कप सांडतो, अर्धा सांडत नाही. हे गणित नवऱ्याने न बोलता सोडवलं होतं आणि उत्तरही न बोलता पुढे ठेवलं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासाठी केलेली ही सगळ्यात प्रेमळ गोष्ट होती, आणि तिला तो कप भिंतीवर फेकावासा वाटत होता.

"कॉलेजातून फोन आला होता," तो म्हणाला. "हजेरीपटावरची तुझी सही वाचता येत नाही म्हणे. क्लार्क म्हणाला, मुंगी चालत गेल्यासारखी दिसते."

"क्लार्कला चष्मा लागलाय."

"हं. मी पण तेच म्हटलं."

त्यांच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत डॉक्टरांच्या अकरा पाट्या होत्या. पार विजापूर-बेळगावहून माणसं गाड्या करून मिरजेला दाखवायला येतात. उज्ज्वला रोज त्या अकरा पाट्यांखालून कॉलेजला जायची. मेंदूच्या डॉक्टरची पाटी सातवी. तिथे आली की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायची. तिकडे सावली असते, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. ऊन असलं तरी.

तिला डॉक्टर कशाला हवा होता? तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी अक्षर बारीक झालं. मग रिकामा बसलेला हात आपलं आपणच काहीतरी करू लागला: अंगठा बोटावर घासायचा, सावकाश, एका तालात, चिमटीतून रांगोळी सोडावी तसा. रांगोळी मात्र नसायची. मग घास तोंडापर्यंत जाईना. कंपवात. तो शब्द आईच्या तेराव्यानंतर घरात कोणी उच्चारला नव्हता.

*

वर्गाची खरी परीक्षा खुर्चीवर व्हायची. मैदानात लाल प्लास्टिकची एक खुर्ची, तिच्यात एक जण बसलेला. उडवणाऱ्याने हातभर आकाराचा, पंख्यांना जाळी लावलेला ड्रोन पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मग चिंचेला उलटा वळसा घालून आणायचा आणि बसलेल्याच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर थांबवायचा. बसलेल्याचा डोळा मिटला तर उडवणारा नापास. "माणसाच्या चेहऱ्याजवळ गांधीलमाशीसारखं जायचं नाही," ती सांगायची. "पाहुण्यासारखं जायचं. आधी दारात दिसायचं, मग आत."

चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हा ती सकाळी सातला एकटीच मैदानात गेली. खुर्चीवर चेहऱ्याऐवजी तिची पर्स. बटण दाबलं. नारिंगी दिवा. ड्रोन उठला. टाकीचा वळसा कसाबसा झाला. चिंचेपाशी मात्र अंगठा थिजला. तिने त्याला सांगितलं, वळ. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पोस्टात टाकलेलं पत्र पेटीतच राहावं तसं. मग एकदम तीन पत्रं एकाच वेळी पोचली आणि ड्रोन चिंचेत शिरला.

ती झाडाखाली उभी राहून वर बघत होती. उजवा हात खिशात नव्हता. तो मोकळा होता आणि त्याचं रांगोळी सोडणं चालू होतं.

मागून पावलं वाजली. निदा होती. हातात शिपायाच्या खोलीतली, चिंचा पाडायची आकडी लावलेली काठी. काठी घेऊन आली म्हणजे पोरगी मघापासूनच बघत होती.

निदा मुजावरची वर्गात ख्याती होती. प्राचार्यांच्या जाहिरातपटावर "यात कॉलेज कुठंय, सर?" असं त्यांच्या तोंडावर विचारणारी ती. दर्ग्याजवळच्या गल्लीत वाढलेली, चार भावांत एकटी बहीण, जिभेला धार लावूनच घराबाहेर पडायची. उज्ज्वलाने हात खिशात घातला आणि आता ही काय बोलते याची वाट बघितली.

निदाने आकडी वर घातली, फांदी हलवली, ड्रोन अलगद झेलला. जाळीतली चिंचेची पानं काढली.

"वारा होता, मॅडम," ती म्हणाली.

चिंचेचं पानही हलत नव्हतं.

"हो," उज्ज्वला म्हणाली. "वारा होता."

त्या सकाळी तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. निदासारखी मुलगी खोटं बोलायला लागली म्हणजे गोष्ट फार पुढे गेली होती.

*

वीस तारखेला पुण्याहून परीक्षक आल्या, हर्डीकर नावाच्या, पांढरी टोपी घातलेल्या, मृदू बोलणाऱ्या. खुर्चीत निदा बसली. बाकीची मुलं कठड्यावर ओळीने, देवळात बसल्यासारखी गप्प. श्रेणिकने पेटी आणून दिली.

"बॅटरी नवी घातलीय, मॅडम," तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला.

तिने उजवा हात खिशातून काढला. बटण दाबलं. नारिंगी दिवा लागला. परीक्षकबाईंनी वाकून तो बघितला आणि कागदावर खूण केली.

ड्रोन उठला. अंगठा चालत होता. मनात आलं की ड्रोन वळत होता. किती महिन्यांनी. तिला वाटलं, भीतीने हात बरा झाला असेल. आईलाही एखादा दिवस असा यायचा, त्या दिवशी ती लाटणं मागायची. आज माझा तो दिवस आहे, लाटणं द्या. ती हसली असावी, कारण कठड्यावरची मुलंही हसली.

ड्रोन टाकीपाशी आला, आणि वळायच्या आधी त्याने मान झुकवली.

वीतभर खाली, पुन्हा वर. एवढंच. परीक्षकबाईंना ते दिसलंही नसेल, दिसलं तर अदब वाटली असेल. उज्ज्वलाने मात्र ते वाकणं ओळखलं.

गच्चीवर शिकताना वाटेत शेजारच्या आवटी वहिनींची कपडे वाळत घालायची तार यायची. दर वळणाआधी ड्रोन तारेखालून न्यावा लागे, वीतभर खाली, पुन्हा वर. ती खोड अंगठ्यात बसली. कॉलेजात आली तेव्हाही होती. तारच नव्हती, तरी तिचा ड्रोन तारेखालून जायचा. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, तुमचा ड्रोन नमस्कार कुणाला करतो?" तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि पुढे वर्षभर मेहनत करून तिने ती खोड मोडली. गेली सहा वर्षं तिचा ड्रोन कोणापुढे वाकला नव्हता.

मग आज वाकणारा हात कोणाचा?

तिचाच. आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. सावली बाजारात यायच्या आधीची तिची सगळी निखळ उड्डाणं विभागाच्या कपाटात नोंदी साठवायच्या चकत्यांवर पडून होती. कोणीतरी ती काढून सावलीला भरवली होती, आणि सावली चालू असतानाही नारिंगी दिवा लागेल असं काहीतरी केलं होतं. तिचा अंगठा कांडीवर थिजलेला होता की थरथरत होता, याने काही फरक पडत नव्हता. तो कामावर उशिरा आलेला माणूस होता. सही झाली होती.

ड्रोनने चिंचेला वळसा घातला, तिथे आणखी एकदा मान झुकवली, आणि पाहुण्यासारखा निदाच्या चेहऱ्यासमोर जाऊन थांबला. निदाचा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. एवढा वेळ डोळे उघडे ठेवले की येतंच पाणी, असं परीक्षकबाई म्हणाल्या.

बोलायचं होतं तर तेव्हाच. एक वाक्य पुरलं असतं. तिने कठड्याकडे बघितलं. पंधरा चेहरे, आईच्या वाढदिवसाला स्वतः केलेला केक पुढे ठेवून बसलेल्या पोरांसारखे. तिने ड्रोन उतरवला आणि पेटी बंद केली.

"असा हात आता बघायला मिळत नाही," हर्डीकरबाई कागदावर सही करत म्हणाल्या.

"नाही मिळत," उज्ज्वला म्हणाली.

सगळे पांगल्यावर तिने पेटी श्रेणिकच्या हातात दिली. "कपाटातल्या जुन्या चकत्या कोणी काढल्या होत्या का रे?"

श्रेणिक पेटीचा पट्टा गुंडाळू लागला. "धूळ पुसायला, मॅडम."

"बरं केलंस. फार धूळ बसली होती."

घरी अजितला बातमी आधीच पोचली होती. त्याने त्या दिवशी कप काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे ठेवून, देवापुढे पेढा ठेवायला आत गेला. तिने तेवढ्यात अर्धा चहा मोरीत ओतला आणि उरलेला पिऊन टाकला. तिला त्या दुसऱ्या बाईचा हेवा वाटत होता, चकत्यांमधल्या. तिला तार चुकवता येत होती. तिला भरलेला कप उचलता येत होता.

*

प्राचार्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सोळा दाखले तिच्या टेबलावर पाठवले. सोबत निरोप: सह्या करून टाका, गणपतीच्या मिरवणुकीची कामं मुलांना आत्तापासून विचारतायत. मिरजेच्या विसर्जनाची मिरवणूक म्हणजे रात्रीचा दिवस आणि रस्त्याला धरून माणसांची भिंत. प्रत्येक दाखल्यावर छापलं होतं: 'यांनी निखळ हाताने उड्डाण करून दाखवले आहे.' खाली तिच्या सहीची जागा. चांगली ऐसपैस होती. मुंगीला पुष्कळ झाली असती.

एका सहीपुरतं तिला वाटलंही, करून टाकावं. पोरांनी आपल्यासाठी केलं, आपण पोरांसाठी करू. मग तिला ती भिंत दिसली, खांद्यावर बसवलेल्या लेकरांसकट, आणि तिच्या डोक्यावर मुकी झालेली सावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना मैदानात बोलावलं. लाल खुर्चीत ती स्वतः बसली. मांडीवर रांगोळीची वाटी.

"श्रेणिक, या पेटीतली सावली काढ. बंद नको करू, काढ. चकतीसकट."

"मॅडम, मला..."

"तुला येतं."

श्रेणिक कानापर्यंत लाल झाला. त्याने खिशातून बारीक पेचकस काढला, पेटी उघडली आणि नखाएवढी एक काळी चकती तिच्या हातातल्या वाटीत ठेवली. रांगोळीवर ती माशीसारखी दिसत होती.

"आता एकेकाने या. टाकी, चिंच, मी. मी डोळा मिटणार नाही, तेवढं तुमचं काम सोपं."

पहिल्या पोराचा ड्रोन गुडघाभर उठला आणि कुशीवर पडला. तो हसला, मग पेटीकडे असा बघू लागला जणू तिने त्याला ओळख दाखवली नव्हती. दुसरी मुलगी टाकीपर्यंत गेली आणि टाकीतच गेली. तिसऱ्याचा ड्रोन सरळ वर वर जात राहिला, त्याला थांबव कसं म्हणायचं हे त्याच्या अंगठ्याला माहीतच नव्हतं. बॅटरी संपत आल्यावर तो आपणच खाली आला. गेल्या आठवड्यापर्यंत याच मुलांनी कृष्णेच्या घाटावरून, देवळाच्या कळसाभोवतीनं अशी चित्रणं केली होती की बघणाऱ्याने श्वास धरावा. आता त्यांचे अंगठे कांड्यांवर पाहुण्यांच्या घरी आलेल्या लेकरांसारखे बसले होते, कशाला हात लावावा कळत नसलेले.

श्रेणिकचा ड्रोन तिच्याकडे यायला निघाला आणि तीन पावलं अलीकडे उलटा झाला. त्याने तो उचलला, जाळीवरची माती शर्टाने पुसली. "रांगोळी अजून काढायला हवी होती, मॅडम," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

अकरा वाजेपर्यंत चार पंखे तुटले होते आणि पंधरा जण कठड्यावर जाऊन बसले होते. उज्ज्वलाची पाठ दुखत होती. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं होतं. उजवा हात मांडीवर उघडा होता. तो त्याचं काम करत होता, वाटीशेजारी, न दिसणारी रेघ सोडत. सगळ्यांना दिसत होता. सगळे टाकीकडे बघत होते.

"निदा," ती म्हणाली.

निदाने पेटी घेतली. दोन्ही अंगठे कांड्यांवर ठेवण्याआधी एकमेकांवर घासले, रांगोळी झटकावी तसे. ही सवय तिला कोणी शिकवलेली नव्हती. उज्ज्वला खुर्चीत सरळ बसली.

ड्रोन उठला. डुगडुगत, पण उठला. टाकीकडे गेला, वळणावर लांब फेकला गेला, पण परत ओढला गेला आणि वळसा पूर्ण झाला. कठड्यावर कोणीतरी श्वास सोडला. चिंच. उलटा वळसा. तो अवघड असतो, तिथे उजवं डावं होतं. निदाचा खालचा ओठ दातात होता. ड्रोनने एक पानांचा झुबका उडवला आणि पलीकडून बाहेर आला.

आला, उज्ज्वलाच्या मनात आलं. सोळात एक. आला.

आता तो तिच्याकडे येत होता. आधी दारात दिसायचं. तो दिसला, आणि दारात थांबला नाही. निदाचा अंगठा त्याला सोडत नव्हता, ढकलत होता. घाबरलेला अंगठा ढकलतो. उज्ज्वलाला तिच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं इथून दिसत होती. सोड, तिने मनात म्हटलं, मोठ्याने म्हणायला वेळ नव्हता. तिने डोळा मिटला नाही. जाळी तिच्या गालफडावर आदळली, चष्मा मातीत गेला, वाटी उपडी झाली आणि पांढरी रांगोळी तिच्या साडीवर आणि त्या उघड्या हातावर सांडली.

निदा पेटी टाकून धावत आली. गुडघ्यावर बसून तिने चष्मा शोधला, ओढणीने पुसला, मॅडमच्या डोळ्यांवर नीट बसवला. गालावर जाळीची चौकट उमटली होती. रक्त नव्हतं. मॅडमचा हात पांढरा झाला होता आणि अंगठा बोटावर घासत होता. आता त्यातून खरोखरच रांगोळी सुटत होती, फरकाटे पडत होते, कुठे जाड, कुठे तुटक.

कठड्यावरून कोणी उतरलं नाही.

उज्ज्वलाने डाव्या हाताने निदाचं डोकं थोपटलं. "असू दे," ती म्हणाली. "वारा होता."

निदाने तो पांढरा हात दोन्ही हातांत धरला. घट्ट धरला, तरी तो आत हलतच राहिला.

"वारा नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशी पण नव्हता. तुमचा हात गेलाय. आणि आमच्यातल्या कुणाकडेच तो आलेला नाही."